चि. लेकीस: विमान हवेत थरथरू लागलं तर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

बिझनेस जेटच्या उजव्या सीटवर तू आता बसू लागलीस, म्हणून हे लिहून ठेवते. क्रूझमध्ये सगळं शांत असताना अचानक पायाखालची फरशी थरथरायला लागली, की हात आपोआप थ्रस्ट लिव्हरकडे, म्हणजे इंजिनाची पॉवर कमी-जास्त करायच्या दांड्याकडे, जातो. तो तिथं पोचायच्या आत डोळे वेगावर आणि मॅकवर (ध्वनीच्या वेगाच्या तुलनेत आपला वेग) गेले पाहिजेत.

कारण 'थरथरलं की वेग उतरव' हे अर्धंच खरं आहे. एलेव्हेटर, एलेरॉन किंवा ट्रिम टॅब या शेपटी-पंखांवरच्या हलत्या भागांच्या जोडांत प्ले (ढिलेपणा) वाढला, किंवा रंग दिल्यावर त्या भागाचा बॅलन्स पुन्हा तपासायचा राहिला, तर फ्लटर, म्हणजे त्या भागाची आपोआप वाढत जाणारी फडफड, होऊ शकतो. तो वेगाबरोबर वाढतो. तेव्हा पॉवर हलकेच काढ, कंट्रोल्सना झटका देऊ नकोस, आणि स्पीडब्रेक (वेग उतरवायला पंखांवर उघडणाऱ्या फळ्या) उघडू नकोस, त्यांच्या स्वतःच्या थरथरीची भर पडते. पण जड विमान 41,000 फुटांवर असेल, तर स्टॉलचा बफे (वेग फार कमी होऊन पंखांची उचल जायला लागली की होणारी थरथर) आणि मॅकचा बफे (वेग फार वाढल्यावरची थरथर) यांच्यात फार थोडी जागा उरते. थरथर कमी वेगामुळे असेल आणि तू पॉवर काढलीस, तर थेट स्टॉलमध्ये जाशील. वळणात असलीस तर आधी पंख सपाट कर. उंची राखून 45 अंशांच्या बँकमध्ये पंखांवर 1.41 जी, म्हणजे वजनाच्या 1.41 पट, भार येतो आणि ती जागा आणखी कमी होते. मग एअर ट्रॅफिक कंट्रोलला सांगून खाली ये.

वेग ठीक असेल तर इंजिनकडे वळ. बारीक, मुंग्या आल्यासारखी थरथर बहुधा फिरत्या भागाची असते. धडधड, पेडलमध्ये किंवा योकमध्ये (विमानाच्या हँडलमध्ये) जाणवणारी, बहुधा बाहेरच्या हवेची. ऑटोथ्रॉटल (पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) असेल तर ती आधी बंद कर. एका वेळी एकच लिव्हर हळू मागे घे, आकडे स्थिर होऊ दे, आणि एन1 (फॅनच्या फिरण्याचा वेग), एन2 (इंजिनाच्या आतल्या गाभ्याचा), आयटीटी (टर्बाईनमधलं तापमान), ऑइल प्रेशर व व्हायब्रेशनचा आकडा दुसऱ्या पायलटला मोठ्यानं वाचायला लाव. फरक पडला नाही तर तो लिव्हर जागेवर आणून मगच दुसरा.

ऑटोथ्रॉटलचं एवढं का, तर 8 जानेवारी 1989 ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ बोईंग 737-400 कोसळलं आणि 47 माणसं गेली. फॅनचं पातं तुटलं होतं डाव्या इंजिनाचं, बंद केलं गेलं उजवं. उजव्याची पॉवर काढताना ऑटोथ्रॉटल काढला गेला, त्यामुळे डाव्याला जाणारं इंधनही कमी झालं आणि थरथर ओसरली. हाताला पटलं ते खरं नव्हतं. डाव्याचा व्हायब्रेशनचा काटा मात्र वर होता. म्हणून कुठलंही इंजिन बंद करण्याआधी काटा आणि लिव्हर दोन्ही एकाच बाजूचे आहेत हे दोघांनी तपासायचं. पॉवर कमी करून थरथर आटोक्यात येत असेल आणि बाकी आकडे नेहमीचे असतील, तर बंद करायची घाई नको, चेकलिस्ट काय म्हणते ते बघ. बंद केलेला तुटका फॅनही हवेनं फिरत राहतो आणि हलवत राहतो. तेव्हा सुरक्षित मर्यादेत विमानाचा वेग कमी केल्यानं फरक पडतो.

ढगात, गारठ्यात एन1 ची थरथर हळूहळू चढत गेली तर फॅनवर असमान साचलेल्या बर्फाचा संशय घे. अँटी-आइस चालू आहे ना ते बघ, मग तुझ्या विमानाच्या मॅन्युअलप्रमाणे एकेका इंजिनाची पॉवर वाढवून बर्फ झटक.

टेकऑफनंतर चाकं आत जाताना काही सेकंद हलून थांबलं, तर फिरतं चाक असेल. तरी ते लिहायचं.

आणखी एक. ऑटोपायलट काढण्याआधी योक घट्ट धर आणि मागच्या सगळ्यांचे बेल्ट बांधून घे. ट्रिम (विमान हात न लावता सरळ राहावं म्हणून केलेली जुळवणी) बिघडलेली असली तर ऑटोपायलट नाक दाबून धरत असू शकतो; तो सुटला की नाक उसळतं, आणि बेल्ट नसलेला माणूस छताला आपटतो.

उतरल्यावर स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहिताना 'थरथर जाणवली' एवढंच लिहू नकोस. त्यावरून आम्हा हँगरमधल्यांना काही सापडत नाही. उंची, वेग, मॅक, बाहेरचं तापमान, दोन्ही इंजिनांचे एन1, एन2 आणि व्हायब्रेशनचे आकडे, फ्लॅप व स्पीडब्रेकची स्थिती, थरथर कुठं जाणवली, कशानं वाढली, कशानं थांबली, आणि त्याच्या आधी तू शेवटचं काय हलवलं होतंस, हे सगळं लिही. आकडे हवेत असतानाच गुडघ्यावरच्या कागदावर टिपून घे, उतरेपर्यंत ते लक्षात राहत नाहीत.

तुझी आई