ज्येष्ठांना खेळू द्या, पण संगीत खुर्ची नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, शहरातल्या एका संस्थेनं आम्हा वयस्कर बायकांना बोलावलं होतं. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं आणि शेवटी करमणूक म्हणून संगीत खुर्ची ठेवली. माझ्या शेजारच्या आक्कांचं वय ७४. गाणं थांबलं तशा त्या खुर्चीकडे वळल्या, दुसरीचा धक्का लागला आणि हातावर पडल्या. मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, पण मुलगा त्यांना अजून कुठल्या कार्यक्रमाला सोडत नाही. आधी रोज देवळापर्यंत एकट्या चालत जायच्या, आता उंबऱ्याशी बसून असतात. बोलावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण भरकन वळायचं, मागं न बघता बसायचं आणि शेजारणीला रेटायचं, म्हणजे या वयात जे जे टाळायला डॉक्टर सांगतात ते सगळं एकाच खेळात! हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मी शाळेत असताना खो-खो खेळले, पुढे ३१ वर्षं प्राथमिक शाळेत मुलांना खेळवलं. त्यामुळं 'म्हातारपणी खेळ कशाला' म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. आक्का पडल्यानंतरच आम्ही बेळगावच्या वडगावात मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता खेळायला जमू लागलो. चौदा बायका आहोत. बहुतेकींचा जन्म मागाशेजारी गेला. साड्या विणल्या, कांड्या भरल्या, आणि आता मान नि खांदे आखडलेत. 'हात वर करा, दहा वेळा' म्हटलं की पाचव्याला हात खाली येतो. पण खेळताना फुगा डोक्यावर आला की तोच हात आपसूक वर जातो. एक काकू दोन वर्षं स्वतःची वेणी घालू शकत नव्हत्या. त्यांनी पहिला फुगा परतवला तेव्हा त्या स्वतःच आपल्या हाताकडे बघत राहिल्या.

आमचा मुख्य खेळ फुग्याचा व्हॉलीबॉल. समोरासमोर चार-चार खुर्च्या, मध्ये दोन खांबांना बांधलेली जुनी नऊवारी. फुगा सावकाश खाली येतो, त्यामुळं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनाही तो दिसतो आणि लागला तरी दुखत नाही. पहिल्याच आठवड्यात एक मावशी जोशात उठल्या आणि तोल गेला. सावरल्या म्हणून बरं. बसून खेळायचा व्हॉलीबॉल १९८० पासून पॅरालिंपिकमध्ये आहे. त्यात चेंडू मारताना बूड जमिनीवरून उचलायचं नसतं. तोच नियम आम्ही खुर्चीला लावला. बूड उचललं की गुण समोरच्यांना. त्या दिवसापासून कुणी उठलेली नाही, कारण गुण घालवायला कुणीच तयार नाही. खुर्च्या हातांच्याच घ्याव्यात, पाठ भिंतीकडे असावी, पायमोजे काढावेत. सतरंजी मुळीच घालू नये, तिच्या कडेला पाय अडकतो. बेळगावच्या पावसात सगळ्या ओल्या पायांनी येतात, म्हणून आधी फरशी पुसून घेतो.

आपलं गाव हॉकीचं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघातले बंडू पाटील बेळगावचेच. म्हणून वर्तमानपत्राच्या सुरळ्या सुतानं घट्ट आवळून आम्ही हॉकीच्या काठ्या केल्या आणि बसल्या बसल्या चिंध्यांचा चेंडू टोलवतो. लगोरीही आहे, चौरंगावर लाकडी ठोकळ्यांची. सात ठोकळे रचताना बोटं थरथरतात, पण कुणी दुसरीला हात लावू देत नाही. कबड्डीचा दम मात्र आम्ही सोडला. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्तदाब असलेल्यांना नको म्हणून सांगितलं.

दोघी-तिघी कानडी बोलणाऱ्या शेजारणीही येतात. फुगा खाली यायला लागला की 'हिडीरी, हिडीरी' आणि 'धर गं' एकदमच ऐकू येतं. विटीदांडूतली आमची वकट, लेंड, मूंड, नाल ही मोजणी मुळात द्राविडी अंकांवरूनच आलेली. ती ऐकून एक अव्वा खुदकन हसल्या. आता आम्ही डाव तसेच मोजतो, वकटपासून नालपर्यंत चार.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सांगते. आमचे दोन तास त्याला पुरे पडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून तिसरा दिवस हवा आहे, आणि तो फक्त वडगावात नव्हे. खानापूर, निपाणीपर्यंत गावोगावी समाजमंदिरं, मंगल कार्यालयं आहेत. लग्नसराई संपली की दुपारची ती रिकामीच असतात. पावसाळ्यात आम्हाला चालायला रस्ता नसतो, नेमका तेव्हाच तो हॉल तासभर मिळाला तर फार मोठी सोय होईल. तालमीतल्या पोरांनी खुर्च्या मांडायला आणि पंच व्हायला यावं. निवृत्त क्रीडा शिक्षकांनी पुढं यावं. आणि कृपा करून सगळ्यांना सारखंच उत्तेजनार्थ बक्षीस देऊ नका. आम्हाला निकाल लागतो. हरलो तर शुक्रवारी परत येतो, ते त्यासाठीच.

ज्येष्ठांचे कार्यक्रम करणाऱ्या सर्व मंडळांना हात जोडून विनंती आहे. येत्या १ ऑक्टोबरच्या पत्रिकेतून संगीत खुर्ची काढा. तिच्या जागी काय ठेवायचं ते बघायला आधी एकदा आमच्याकडे या. आक्कांच्या मुलालाही मी बोलावलंय. तो अजून आलेला नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, वडगाव, बेळगाव