पोकरपटूच्या यशातला न छापलेला हिशेब

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पोकर खेळून पोट भरणारा तरुण पुढे इंटरनेटवरचा उद्योजक कसा झाला, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. असा प्रवास होतो, परदेशात त्याची उदाहरणे बरीच आहेत. पण लेखभर त्या यशाचे श्रेय ‘धाडसा’ला दिले आहे. पोकरवर घर चालवणारा माणूस बहुतेक वेळ पाने टाकून गप्प बसलेला असतो. नऊ जणांच्या टेबलावर दहांतले आठ डाव तो पैसे न लावताच सोडतो. कॉलेज रोडवर चहा पिताना हा लेख वाचणाऱ्या विशीतल्या मुलाला त्यातून काही उचलायचे असेल, तर आकडे हवेत. ते लेखात नव्हते, म्हणून हे पत्र.

‘टेक्सास होल्डेम’ या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि मध्ये पाच उघडली जातात: आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. समजा, हातातली दोन आणि मधली चार मिळून तुमच्याकडे बदामाची चार पाने झाली. पाचवे बदाम आले की फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने. तुम्हाला दिसलेली पाने सहा, न दिसलेली ४६, त्यांत बदामे ९. म्हणजे शक्यता १९.६ टक्के. पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांत, १,००० रुपये होते, समोरच्याने ५०० लावले. आता तुम्ही ५०० घातले तर एकूण २,००० होतात, म्हणजे तो पैसा वसूल व्हायला किमान २५ टक्के शक्यता लागते. शेवटच्या पानानंतर समोरचा आणखी पैसे टाकेल अशी चिन्हे नसतील, तर पाने टाकायची. नवखा इथेच फसतो. ‘फ्लश ३५ टक्के वेळा लागतो’ हे त्याने ऐकलेले असते. पण तो आकडा दोन पाने उघडायची बाकी असतानाचा आहे, आणि तोही मध्ये पुन्हा पैसे मोजावे लागले नाहीत तरच कामाचा. एवढे करून बदाम आलेच, तर नवखा खूश होतो. व्यावसायिक खेळाडू मात्र त्या जिंकलेल्या डावापुढेही वहीत ‘चूक’ असेच लिहितो.

खरी मेख पुढेच आहे. या खेळातली कमाई ‘दर १०० डावांत किती बिग ब्लाइंड’ अशी मोजतात. बिग ब्लाइंड म्हणजे डाव सुरू होताना दोन खेळाडूंना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या रकमांतली मोठी रक्कम. १०० डावांत ५ बिग ब्लाइंड ही चांगली कमाई. पण त्याच १०० डावांतला चढउतार सुमारे ९० बिग ब्लाइंडचा असतो. डाव शंभरपट झाले की नफा शंभरपट होतो, चढउतार मात्र दहापटच: १०,००० डावांनंतर अपेक्षित नफा ५०० आणि चढउतार ९००. म्हणजे खरोखर चांगले खेळणाऱ्या दहा जणांतले जवळपास तिघे दहा हजार डावांनंतरही तोट्यातच दिसतात, आणि त्याच हिशेबाने काही सुमार खेळाडू नफ्यात दिसतात. लाखभर डाव झाले, की चांगल्या खेळाडूने तोट्यात असण्याची शक्यता ४ टक्क्यांवर येते. समोरासमोरच्या टेबलावर तासाला तीसेक डाव होतात, तेव्हा लाख डावांना ३,३०० तास लागतात. इंटरनेटवर चार टेबले एकदम उघडून तासाला ३०० डाव होतात आणि तेच काम साडेतीनशे तासांच्या आत उरकते. पोकर हा इतक्या तरुण मुलांचा पेशा इंटरनेट आल्यावरच का झाला, याचे मोठे कारण या भागाकारात आहे.

याच चढउतारापोटी भांडवलाचा नियम आला. ५०-१०० रुपयांच्या, म्हणजे बिग ब्लाइंड १०० रुपये असलेल्या, टेबलावर बसायला १०० बिग ब्लाइंड, म्हणजे १०,००० रुपये लागतात. त्या टेबलावर नियमित बसणाऱ्याने अशा चाळीसेक बैठकींचे, म्हणजे चार लाख रुपये वेगळे ठेवायचे. ते तीन लाखांवर आले की मान खाली घालून २५-५० च्या टेबलावर जायचे. वर्षाचा घरखर्च या चार लाखांत धरायचा नाही, त्याचे खातेही वेगळे. हरल्यावर चिडून बेभान खेळण्याला, जसे मोठ्या टेबलावर जाण्याला, ‘टिल्ट’ म्हणतात. पाने ओळखता येऊनही टिल्टमुळे बुडालेले बरेच असतात.

उद्योगात उपयोगी पडते ते हे. एखादा नाशिकचे बेदाणे इंटरनेटवर विकू लागला असे धरा. पाकीट ५०० रुपयांचे, माल आणि पॅकिंग ३००, कुरिअर ८०, उरले १२०. जाहिरातीच्या एका क्लिकला ५ रुपये आणि शंभरातले दोघे खरेदी करतात, म्हणजे एक गिऱ्हाईक २५० रुपयांना पडले. त्याने तीनदा माल घेतला तर ३६० सुटतात, ११० उरतात, असे वाटते. मात्र कॅश ऑन डिलिव्हरीत दहांतली दोन पाकिटे परत आली, तर जाण्यायेण्याचे ३२० रुपये पोचलेल्या आठ पाकिटांवर चढतात, दर पाकिटामागे ४०. उरलेल्या ८० ने तीन खरेदींचे २४० होतात, आणि गिऱ्हाईक तर २५० ला पडलेले. विक्री वाढते तसा तोटा वाढतो, आणि तरी महिनाभर सगळे ‘धंदा जोरात आहे’ म्हणत राहतात.

त्याच दुकानाने वेबसाइटचे पान बदलले. आधी हजार जणांत २० खरेदी, आता २६. एरवी कोणीही पेढे वाटेल. पण हजार जणांत २० या आकड्याचा अर्थ खरा दर १.१ ते २.९ टक्क्यांत कुठेही असू शकतो एवढाच. दोनाचे खरेच २.६ झाले का, हे पुरेशा खात्रीने कळायला दोन्ही पाने प्रत्येकी दहाएक हजार लोकांना दाखवावी लागतात. दहा हजार डावांनंतरही स्वतःच्या कौशल्यावर शंका घ्यायची सवय झालेला खेळाडू इथे थांबतो.

खरे तर ही अक्कल शिकायला पोकरची गरज नाही. दिंडोरी-पिंपळगावकडचा जाणता बागायतदार सगळ्या प्लॉटची फळछाटणी एकाच आठवड्यात उरकत नाही. एका प्लॉटला फुलोऱ्यात पावसाने गाठले, तरी दुसरा वाचावा, म्हणून तारखा पुढेमागे ठेवतो. भांडवलाचा नियम तोच आहे, फक्त त्याला कोणी इंग्रजी नाव दिलेले नाही.

आता पत्त्यांतून धंद्यात जे येत नाही, त्याबद्दल. पोकरमध्ये समोरच्याचा तोटा हाच तुमचा नफा, तर धंद्यात गिऱ्हाइकाने पुन्हा यावे लागते. पोकरमध्ये लाख डाव मिळतात, तर धंद्यात आयुष्यात दोन-तीन. आणि टेबलावर स्वतःचे पैसे जपणारा दुसऱ्याचे जपेलच असे नाही. ‘फुल टिल्ट पोकर’ ही इंटरनेटवर पोकर खेळवणारी कंपनी नामांकित खेळाडूंनीच उभी केली होती. २००० सालचा जगज्जेता त्यांत होता. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने मोठ्या पोकर संकेतस्थळांवर कारवाई केली. त्याच सप्टेंबरात सरकारने न्यायालयात मांडले, की कंपनी खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी. ग्राहकांची ठेव आणि कंपनीचा खर्च वेगळ्या खात्यांत ठेवला नव्हता. म्हणजे पोकरच्या शिस्तीतला पहिलाच नियम मोडला होता.

फिल गॅलफंड या अमेरिकी पोकरपटूचे उदाहरण लेखात चालले असते. त्याने २०१२ मध्ये ‘रन इट वन्स’ हे पोकर शिकवणारे संकेतस्थळ काढले. जे येत होते तेच विकले, खर्चही आटोपशीर. २०१९ मध्ये त्याच नावाने प्रत्यक्ष पोकर खेळवणारे संकेतस्थळ सुरू केले, ते जानेवारी २०२२ मध्ये बंद करावे लागले. शिकवणी त्यानंतरही चालू राहिली.

शेवटी, लेखात मुळीच नसलेली आणि नाशिकच्या वाचकाला सर्वांत आधी हवी असलेली माहिती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर बंदी आणली, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि ५० लाखांपर्यंत. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, म्हणून अनेकांना वाटते की धोका नाही. पण आता हा खेळ बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एजंटामार्फत चालतो: त्याच्या खासगी खात्यावर यूपीआयने पैसे टाकायचे आणि अ‍ॅपमध्ये चिप्स घ्यायच्या. तुम्ही जिंकलेली रक्कम एजंटाने बुडवली, तर भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करारच रद्दबातल असल्याने दावा लावता येत नाही. आणि जिंकलेली रक्कम मिळाली, ती मुळात कोणाच्या सायबर फसवणुकीतून फिरून आलेली निघाली, तर तपासात तुमचेच बँक खाते गोठवले जाऊ शकते. लेखाखाली चौकट टाकून एवढे छापता आले असते.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक