पाचवीला नापास, पण पहिलीला बसलाच कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाचवीच्या निकालावर आपल्या सदरात गेले आठ दिवस वाचकांची पत्रं येतायत. मुलं नापास झाली याला पालकांचं दुर्लक्ष आणि मोबाइल जबाबदार, असा बहुतेकांचा सूर दिसला. मी तासगाव तालुक्यातला एसटीचा कंडक्टर. माझा धाकटा यंदा पाचवीला गणितात अडकला, जूनमध्ये त्याची पुनर्परीक्षा आहे, म्हणून लिहायला बसलो. तिकिटांच्या हिशेबाचं वे-बिल सोडून गेल्या वीस वर्षांत मी फारसं काही लिहिलेलं नाही, सांभाळून घ्यावं.

धाकटा जून २०२० मध्ये पहिलीत गेला. गेला म्हणजे पटावर गेला. जिल्हा परिषदेची शाळा आमच्या घरापासून हाकेवर, पण तो वर्गात पहिल्यांदा बसला १ डिसेंबर २०२१ ला, आणि तेव्हा तो दुसरीत होता. पहिलीच्या वर्गात तो एक दिवसही बसलेला नाही.

घरात फोन एकच, माझा. कोरोनाच्या टाळेबंदीत जिल्ह्याबाहेरच्या गाड्या बंद होत्या, माझी ड्युटी क्वचित लागायची, त्यामुळे फोन घरी असायचा. खरं सांगतो, ते दिवस त्यातल्या त्यात बरे गेले. सकाळी थोरलीचा सातवीचा तास, तो झाला की धाकट्याचा ग्रुप उघडायचा. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ नावाखाली रोजचा अभ्यास यायचा. आमचे गुरुजी स्वतःचे व्हिडिओ करून पाठवायचे. सेल्फी कॅमेऱ्यासमोर पाटी धरून अक्षर काढायचे. पहिल्या आठवड्यात ती अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी आली. गुरुजींच्या ते लक्षात आलं, त्यांनी सुधारलं. पण तोवर आमच्या पोराने पानभर ‘ग’ काढून ठेवले होते, सगळ्यांचे काने डावीकडे. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर मुलांच्या अभ्यासाचं ‘टिलीमिली’ लागायला लागलं. ते माझी आई त्याच्यापेक्षा जास्त मन लावून बघायची. तिचं शिक्षण नाही. ‘मला आता कळायला लागलंय बघ,’ म्हणायची.

२० ऑगस्टला जिल्ह्याबाहेरची एसटी सुरू झाली आणि आमच्या घरातली शाळा बंद पडली. फोन माझ्या खिशात, मी गाडीवर. फोन घरी ठेवून जा, असं बायको म्हणाली. पण कंट्रोलरचा फोन यायचा, गाडी बिघडली तर कळवायचं, घरी आईला दम्याचा त्रास. फोनशिवाय कसा जाणार? थोरली शेजारच्यांच्या फोनवर तासाला बसायची. त्यांच्याही घरी दोन मुलं. दोन महिन्यांनी तिचं तिलाच कानकोंडं व्हायला लागलं, मग जाईना. बायको द्राक्षबागेत विरळणीला जाते. संध्याकाळी सहाला घरी आली की पीठ मळता मळता ‘अ आईचा’ म्हणून घ्यायची, तेवढाच धाकट्याचा अभ्यास.

पुढे एसटीच्या गाड्या बेस्टच्या मदतीला मुंबईत गेल्या, त्यात माझीही पाळी आली. त्याच सुमारास, नोव्हेंबरात, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘स्वाध्याय’ सुरू झाला. आठवड्याला प्रश्न यायचे, मुलाने त्यावरच उत्तरं द्यायची. किती मुलांनी सोडवला याची जिल्ह्याजिल्ह्याची टक्केवारी निघायची, त्यामुळे शिक्षकांच्या मागे वरून तगादा असायचा. गुरुजींचा मला फोन आला, ‘तेवढं करून टाका हो, आपली शाळा मागे पडतीय.’ शेवटच्या थांब्यावर गाडी उभी होती. मी मास्क हनुवटीवर ओढला आणि पहिलीचा स्वाध्याय सोडवला. दहापैकी आठ आले. दोन चुकले ते मराठीचे. ग्रुपवर धाकट्याच्या नावापुढे अंगठा उमटला. तो तेव्हा माझ्यापासून साडेतीनशे किलोमीटरवर, गावाकडे, ओढ्यात खेकडे धरत होता.

यात मी गुरुजींना दोष देत नाही. त्यांना आधी चेकपोस्टवर बसवलं, मग घरोघरी ताप मोजायला पाठवलं. त्यातून वेळ काढून ते देवळाच्या कट्ट्यावर पोरं गोळा करायचे. पण माझ्यासारखे अंगठे त्या वर्षी किती घरांत उमटले असतील? त्यांची टक्केवारी वर गेली, आणि वर बसलेल्यांनी मुलं शिकली असं धरलं.

पुढच्या जुलैत, मागचं राहिलेलं भरून काढायला पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. तोही फोनवर, पीडीएफ होऊन. बायकोने तासगावात जाऊन दोन रुपयाला एक पान अशा झेरॉक्स काढून आणल्या. त्यांतली निम्मी पानं अजून कोरी आहेत, फळीवर आहेत.

थोरलीबद्दल लिहायचं नव्हतं, पण राहवत नाही. तिची शाळा तासगावात, नऊ किलोमीटर. अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर ती एसटीनेच जायची. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडली. तिने नवी वही घेतली, बूट लहान झाले होते तेही घेतले. आणि महिना व्हायच्या आत राज्यभर एसटीचा संप सुरू झाला. त्या संपात मीही होतो. का होतो हा वेगळा विषय आहे, आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही. पण वडापच्या जीपला एका खेपेचे वीस रुपये आणि घरात पगार नाही, म्हणून पोरगी आठवड्यातून तीनच दिवस शाळेत जायला लागली. एकदा जेवताना म्हणाली, ‘पप्पा, तुमची गाडी कधी सुटणार?’ मी ताटातून वर बघितलं नाही. तिच्या वर्गातल्या दोघी पुढच्या जूनपर्यंत शाळेतून गेल्या होत्या. एकीचं लग्न झालं, दुसरीचं मला माहीत नाही.

संपाच्या काळात एका रविवारी धाकट्याला आगारात घेऊन गेलो. गाड्या पाट्यांसकट रांगेने उभ्या. म्हटलं, वाच. ‘मिरज’ त्याने एका दमात वाचलं. ‘सांगली’ला थांबला, अनुस्वारावर बोट ठेवलं, मग वाचलं. ‘म्हैसाळ’च्या पाटीपुढे किती तरी वेळ उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, ‘हे आम्हाला शिकवलं नाही.’ कवठेमहांकाळच्या गाडीकडे मी त्याला नेलंच नाही.

आज तो वाचतो, अडखळत वाचतो. गणिताचं वेगळं आहे. शंभराची नोट, सत्तावीसचं तिकीट, परत किती? तोंडी विचारा, तुम्ही खिशात हात घालायच्या आत ‘त्र्याहत्तर’ म्हणेल. कंडक्टरचं पोरगं आहे. (सत्तावीसला ‘वीस सात’ म्हणायची पद्धत दुसरीच्या पुस्तकात आली तेव्हा मी पुष्कळ हसलो होतो, पण याला तिचाच उपयोग झाला हे कबूल करतो.) हीच वजाबाकी वहीत मांडून द्या. शून्यातून सात जात नाहीत, मग शेजारी बघतो, तिथेही शून्य. तिथेच पेन्सिल थांबते. हातच्याची वजाबाकी दुसरीत शिकवतात, आणि दुसरीचं निम्मं वर्ष त्याने घरात काढलं. त्याच्या पुढचं सगळं, भागाकार, अपूर्णांक, त्या थांबलेल्या पेन्सिलीवर रचलेलं आहे.

पाचवी आणि आठवीला नापास करायचा नियम आणला त्याला माझा विरोध नाही. आम्हीही नापास होत होतो. पण नियम २०२३-२४ पासून लागू झाला आणि लगेच दुसऱ्या वर्षी जी मुलं त्याच्या तावडीत आली, ती नेमकी पहिलीची शाळा न बघितलेली. पुनर्परीक्षेतही अडकला तर त्याला पुन्हा पाचवीत बसवणार. पाचवीत परत पाचवीच शिकवणार ना? दुसरीची वजाबाकी त्याला कोण शिकवणार आणि कुठल्या तासाला? शिक्षण खात्याने निदान या एका तुकडीपुरतं तरी, ती दीड वर्षं शाळा झालीच नाही असं कागदावर मान्य करावं आणि तेवढे तास या मुलांना परत द्यावेत. स्वाध्यायाच्या टक्केवारीत माझेही आठ गुण आहेत. ते वजा करून टाका, माझी हरकत नाही.

सध्या गुरुजी सुट्टीत सकाळी आठ ते साडेनऊ सहा मुलांना घेऊन बसतात. त्याचे पैसे त्यांना कोणी देत नाही. मी दुपारची ड्युटी मागून घेतली आहे, धाकट्याला सोडायला जातो आणि थोडा वेळ व्हरांड्यात थांबतो. परवा त्यांनी फळ्यावर दशक-एकक मांडलं होतं. पुस्तक दुसरीचं घेतलंय. जूनचा पेपर पाचवीचा येणार आहे.

कळावे,
एक एसटी वाहक, तासगाव तालुका
(नाव आपल्याकडे आहे, कृपया छापू नये. पोराला वर्गात चिडवतील.)