रुग्णवाहिका रेफरला गेली की तालुका उघडा पडतो : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

२०१४ साली १०८ रुग्णवाहिकेची सेवा सुरू झाली आणि पालघर जिल्ह्यातल्या आमच्या जव्हार-मोखाड्यात पेशंट झोळीत घालून चालत निघायचे प्रसंग कमी झाले. गाडीत डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत. घाटात गाडी कडेला लावून बाळंतपण करणारे डॉक्टर आणि बॅटरी धरून उभे राहणारे पायलट, म्हणजे गाडीचे चालक, आमच्या भागाला चांगले ठाऊक आहेत. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न गाड्यांच्या हिशोबाचा आहे.

सुरुवातीला राज्यात ९३७ गाड्या आल्या. २०११ च्या जनगणनेने भागलं, तर साधारण १ लाख २० हजार माणसांमागे एक. शहरात एवढी माणसं दोन-तीन वॉर्डांत मावतात, आमच्याकडे ती डोंगरभर पांगलेली आहेत. त्यात सर्पदंश, अडलेली बाई, कमी वजनाचं बाळ असं काहीही गंभीर असलं की पेशंट नाशिकला रेफर होतो, म्हणजे तिथल्या मोठ्या रुग्णालयात पाठवला जातो. गाडी त्र्यंबकचा घाट चढून नाशिकला जाणार, तिथे स्ट्रेचर मोकळं होईपर्यंत थांबणार, मग परतणार. तेवढ्या वेळात दुसऱ्या पाड्यावरून फोन आला, तर ग्रामीण भागात गाडी पोचण्यासाठी ठरवलेली ३० मिनिटं कुठून पाळायची? मग लोक उसनवारी करून खासगी जीप ठरवतात.

म्हणून मागणी एकच: रुग्णालयातून रुग्णालयात न्यायला वेगळी गाडी द्या. १०८ ची गाडी तालुक्याबाहेर जाऊ नये. गेलीच, तर शेजारच्या तालुक्यातली गाडी लगेच मधल्या नाक्यावर आणून उभी करावी. कुठली गाडी कुठे आहे, हे पुण्याच्या नियंत्रण कक्षाला जीपीएसवर दिसतंच.

आणखी एक, यात खर्च जवळपास नाही. रेंजसाठी टेकडी चढून फोन लावलेल्या माणसाला पलीकडून ‘जवळची खूण सांगा’ असं विचारतात. एकाच नावाचे दोन-तीन पाडे असतात, तो काय खूण सांगणार? प्रत्येक पाड्याचं नाव, गाडी कुठपर्यंत येते ती जागा आणि आशाताईंचा नंबर नियंत्रण कक्षाच्या संगणकात हवा. ही माहिती आशाताईंना तोंडपाठ असते.

पावसाळ्यात ओढे भरले की पाडे तुटतात. त्याआधी निदान जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड या तीन तालुक्यांत ही व्यवस्था सुरू करा, आणि गाडी पोचायला किती वेळ लागला याचे तालुकावार आकडे दर महिन्याला जाहीर करा.

आपला,
मोखाडा तालुक्यातील एक रहिवासी