आमची पोरं घरी किती वाजता पोचतात, हे विचारणाऱ्या साहेबांना

साहेब, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला इंग्रजीतलं कार्ड केव्हाच पाठवलंय. पण कार्डात 'थँक यू'च्या पुढे फारसं काही मावत नाही, आणि तेवढ्याने माझं समाधान होत नाही. शिवाय इथल्या रग्बीचे सामने आखणाऱ्या समितीत तुमच्यासारखी माणसं असतात, हे आमच्या मराठी मंडळींनाही कळू दे. म्हणून हे जाहीर पत्र.

आम्ही कॉर्नवॉलमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला राहतो. जवळपास सगळीकडून समुद्र, आणि पूर्वेला डेव्हनच्या हद्दीवर तामार नदी. इथल्या रग्बी क्लबचा बाहेरगावचा सामना म्हणजे जायचं बहुतेक पूर्वेलाच. पेन्झान्सहून ब्रिस्टल गाठायचं तर एका बाजूचे ३०० किलोमीटर. व्यावसायिक संघांचं ठीक आहे हो. आमचा संघ हौशी. कुणी सुतार, कुणी शाळामास्तर, कुणी गाईंचा गोठा सांभाळणारा. खेळायचे पैसे मिळत नाहीत, उलट वर्गणी भरावी लागते. शनिवारी सकाळी मिनीबसमध्ये बसायचं, ८० मिनिटं मार खायचा आणि काळोखात परत यायचं.

मार खायचा म्हणजे खरोखरच. माझा मुलगा हूकर, स्क्रमच्या पहिल्या फळीत मधोमध. दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा भिडवून रेटतात, तेव्हा समोरचे फारच भारी पडले तर मान धोक्यात येते ती पहिल्या फळीतल्यांची. माझे वडील कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले. व्हिडिओ बघून त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, यांची जोड कोण लावतं? आमच्याकडे जोड बघितल्याशिवाय मैदानात कुस्ती लावत नाहीत." काय सांगणार? जोड लावणाऱ्यांनी आमची पोरं कधी बघितलीच नव्हती. असा एकतर्फी धुव्वा उडाला की पुढच्या शनिवारी दोघांच्या पाठीत उसण भरते, तिसऱ्याच्या सासरी कार्य निघतं. पहिल्या फळीला तयार गडी उरले नाहीत की पंच बिनरेट्याचे स्क्रम लावतात आणि खेळातला जीवच जातो. त्यात कोविड. २०२०-२१च्या हंगामात हौशी लीग झाल्याच नाहीत. शनिवारी घरी राहण्याची चटक लागलेले काही जण परत आलेच नाहीत.

समितीतल्या तुमच्या आधीच्या मंडळींना आम्ही हे सगळं लिहून कळवलं होतं. उत्तर आलं, "आपल्या भावनांची नोंद घेतली आहे." नोंदवहीत पडून त्या भावनांचं काय झालं, देव जाणे. एका गृहस्थांनी तर तोंडावर सांगितलं, प्रवास हा खेळाचाच भाग आहे. ते स्वतः मैदानापासून हाकेच्या अंतरावर राहायचे. नाव घेत नाही, त्यांना कळेलच.

मग तुम्ही आलात. समितीतला माणूस येणार म्हणून आमच्या अध्यक्षांनी टाय घातला होता. सामना संपला, दोन्ही संघांचं जेवण झालं, सगळे बारकडे वळले. मी स्वयंपाकघरात सिंकपाशी होते. तुम्ही आत आलात, खुंटीवरचं फडकं घेतलंत आणि माझ्या शेजारी उभं राहून प्लेटा पुसायला लागलात. मला वाटलं, पाहुण्यांच्या संघातले कुणाचे तरी वडील असतील! एक प्लेट पुसून झाल्यावर विचारलंत, "लांबच्या सामन्यानंतर तुमची पोरं घरी किती वाजता पोचतात?"

साहेब, तोवर आम्हाला सगळ्यांनी स्कोअर विचारला होता. हे कुणी विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. मग विचारलंत, पहाटे दूध काढायला कोणाला उठावं लागतं. मी आमच्या दोन्ही प्रॉपची, म्हणजे हूकरच्या दोन बाजूंना रेटणाऱ्यांची, नावं घेतली, आणि रविवारी सकाळच्या ड्युटीवर जाणाऱ्या नर्सचं. तुम्ही फडकं खांद्यावर टाकलंत, ओले हात पँटला पुसलेत आणि खिशातल्या सामन्यांच्या तक्त्यावर, आमच्या क्लबच्या नावासमोर, पेन्सिलीने 'पहाटेचं दूध' असं लिहिलंत. मग उरलेल्या प्लेटाही पुसून दिल्यात. आश्वासन एकही दिलं नाहीत.

२०२२-२३पासून रग्बी युनियनने इंग्लंडभरातल्या खालच्या लीगची मांडणी बदलली. पाचव्या पातळीवर १४-१४ संघांचे चार गट होते, त्यांचे १२-१२चे सहा झाले. २६ सामन्यांचे २२ झाले, म्हणजे चार शनिवार सुटले. हे ट्विकनहॅमला, युनियनच्या मुख्यालयात ठरलं, तुम्ही एकट्याने नाही, हे मला कळतं. पण कुठला क्लब कुठल्या गटात, हे ठरताना कोपऱ्यातल्यांची बाजू कुणीतरी उचलून धरावी लागते. आमच्या पातळीवर ती तुम्ही धरलीत, हे आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं. तुम्ही स्वतः चकार शब्द बोलला नाहीत.

आता आम्ही सगळे सामने जिंकतो असं मुळीच नाही. पण हरतो तेही शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत झुंजून. सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तरी एक बोनस गुण मिळतो, आणि त्या एका गुणासाठी आमची पोरं परवा अशी नाचली की समोरच्यांना वाटलं आपणच हरलो. आमचा थोरला प्रॉप निवृत्त होणार होता. आता गुडघ्याला पट्टी बांधून पुन्हा उभा आहे. (बायको वैतागलीय. तिची माफी तुम्हीच मागा.)

तुम्हाला या कामाचा एक पैसा मिळत नाही. सकाळी मैदानाच्या रेघा आखणारा, मिनीबस चालवणारा, पोरांचे चिखलाने माखलेले जर्सी घरी नेऊन धुणारी, सगळी फुकट राबणारी माणसं. अशांच्या जिवावर हा खेळ चाललाय. त्यांच्याशी खुर्चीवरून न बोलता बाजूला उभं राहून बोलावं, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

बाकी एक भांडण शिल्लक आहे. ऐन जानेवारीत आम्हाला तामारपलीकडे सलग दोन शनिवार धाडलंय. समुद्रात क्लब काढता येत नाहीत, मान्य. पण त्यातला एक सामना मार्चात ढकलता येतो का, तेवढं बघा. पेन्सिल माझ्याकडे आहे.

आपली,
स्वयंपाकघरातली, हूकरची आई