शेकरूची झाडावरची वाट जोडायला मदत हवी

भीमाशंकर अभयारण्याच्या कडेला असलेल्या आमच्या गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीतर्फे हे आवाहन. गावची देवराई आणि अभयारण्याचं रान यांच्यामध्ये मोकळा पट्टा पडला आहे. तिथली काही झाडं रस्त्याला गेली, काही सरपणाला, काही वणव्यात. ती फट बुजवायला आम्हाला बिया, पैसे आणि श्रमदानाला माणसं हवी आहेत.

हे सगळं शेकरूसाठी. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, तेच मुख्यतः त्याच्यासाठी. शेकरू आपला राज्यप्राणी. दीड-दोन किलो वजनाची, अंगापेक्षा लांब शेपटीची ही मोठी खार जमिनीवर क्वचितच उतरते. खाणं, झोपणं, पिलं वाढवणं, सगळं झाडावर. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला ती वीसेक फुटांची झेप घेते. त्याहून रुंद फट पडली की एक तर पलीकडचं रान सोडायचं, नाही तर खाली उतरून कुत्र्यांच्या आणि गाड्यांच्या तावडीत सापडायचं.

शेकरूचं घरटं पाहिलंत तर झाडं एकमेकांना लागून का हवीत ते ध्यानात येईल. काटक्या आणि पानं गुंफून केलेला मोठा गोळा, तोही शेंड्याकडच्या बारीक फांद्यांवर, जिथे जड शिकारी पोचू शकत नाही. एकच शेकरू आपल्या हद्दीत अशी अनेक घरटी बांधतं आणि आलटून पालटून वापरतं. सकाळी आणि उन्हं कलल्यावर चरायचं, दुपारी निजायचं. फळं, फुलं, कोवळी पानं, झाडाची साल असं ऋतूप्रमाणे जे मिळेल ते खातं. म्हणून त्याला एका जातीची शंभर झाडं देऊन भागत नाही. वर्षभर काही ना काही पुरवणारी वेगवेगळी झाडं लागतात.

त्यामुळे गिरिपुष्प, निलगिरी किंवा रस्त्याकडेची शोभेची झाडं कृपया देऊ नका. आम्हाला आंबा, जांभूळ, उंबर, अंजनी, पारजांभूळ आणि हिरडा हवा आहे, तोही याच डोंगरातल्या बियांचा. जांभळाची आणि आंब्याची बी फार दिवस टिकत नाही, फळ खाल्ल्यावर लगेच रुजवावी लागते. ते काम शाळेतली मुलं करणार आहेत. त्यांना पिशव्या, शेणखत आणि रोपवाटिकेला सावलीची जाळी लागेल.

हिरड्याची गोष्ट वेगळी. आमच्या महादेव कोळी कुटुंबांना बाळहिरडा विकून हाती रोख पैसा येतो. तो कोवळेपणीच झोडला जातो, मग बियाण्याला पिकलेलं फळ उरत नाही. काही झाडं हिवाळ्यापर्यंत न झोडता राखायला शेतकरी तयार आहेत. त्या झाडांचं बुडणारं उत्पन्न आम्हाला त्यांना द्यायचं आहे. गावाने आपल्या पोटाला चिमटा घेऊन जंगल राखावं, अशी अपेक्षा धरणं आम्हाला पटत नाही. तुमच्या देणगीचा मोठा वाटा इथे खर्च होईल.

बाकी पैसा रोपांना गुरांपासून कुंपण, उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत जाळून मोकळे केलेले पट्टे, काढायची मजुरी आणि पहिली काही वर्षं राखण, यासाठी. रोप लावून फोटो काढणारे पुष्कळ येतात, पुढच्या मे महिन्यात त्याला पाणी घालणारं कुणी नसतं. त्यामुळे राखणीसाठी दिलेली देणगी आम्हाला सर्वांत मोलाची. रस्त्यावर फांद्या जुळत नाहीत तिथे दोरखंडाचे पूल बांधायचा विचार आहे. पण ते वन विभागाच्या परवानगीनंतरच, म्हणून त्यासाठी आज पैसे मागत नाही.

श्रावणात आणि महाशिवरात्रीला दर्शनाला येणाऱ्या भाविकांना एक विनंती: शेकरूला बिस्किटं, शेंगदाणे टाकू नका. खाण्याच्या आशेने ते खाली येतं आणि तिथेच जिवाला मुकतं.

देणगी समितीच्या बँक खात्यावर धनादेशाने किंवा ग्रामपंचायत कार्यालयात रोख द्यावी आणि पावती जरूर मागून घ्यावी. अंदाजपत्रक कार्यालयाच्या फलकावर लावलं आहे. खर्चाचा हिशोबही तिथेच लागेल आणि ग्रामसभेत वाचला जाईल. खड्डे मृगाच्या आधी खणायचे आहेत, लागवड पाऊस धरल्यावर. श्रमदानाला येणाऱ्यांनी आधी कार्यालयात नाव नोंदवावं, म्हणजे जेवणाचा अंदाज येईल. कुदळ-फावडं असेल तर सोबत आणावं, गावात पुरेशी नाहीत.