एमएसच्या तपासणीत दीड मिनिट वाढवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. चाल, हात, नजर तपासली जाते. विसरणे मात्र सहसा राहून जाते. या आजारात ४० ते ६५ टक्के रुग्णांना आकलनाचा त्रास होतो. मेंदूतल्या तंतूंवरचे आवरण झिजते, माहिती आत पोचायलाच वेळ लागतो, आणि जे नीट पोचलेच नाही ते आठवणार कुठून? घरचे ‘लक्षच नसतं हिचं’ म्हणून मोकळे होतात.

घरी बरेच करता येते, पण ते शिकवावे लागते. वही एकच, जागा ठरलेली. कॅलेंडर, चिठ्ठ्या आणि फोन असे तिन्हीकडे लिहिले की कुठेच पाहिले जात नाही. अलार्मला नुसते ‘गोळी’ नाव दिले, तर माणूस तो बंद करतो आणि कोणती गोळी हेच विसरतो. ‘बॅक्लोफेन, जेवणानंतर’ असे पूर्ण लिहावे आणि गोळी हातात आल्यावरच अलार्म बंद करावा. आठवड्याची २८ खणांची डबी रुग्णाने स्वतः भरावी, घरच्यांनी नंतर फक्त तपासावी. कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्ही चालू असताना दोन कामे एकदम सांगू नयेत. एकच सांगावे, रुग्णाकडून त्याच्या शब्दांत वदवून घ्यावे, दहा मिनिटांनी आणि तासाभराने पुन्हा विचारावे. बँकेची, हिशोबाची कामे सकाळी. वीस मिनिटांनी विश्रांती.

आमची मागणी मोठी नाही. जिल्हा रुग्णालयात वर्षातून एकदा सिम्बॉल डिजिट मोडॅलिटीज टेस्ट, म्हणजे चिन्हांना अंक जुळवून मेंदूचा वेग मोजणारी चाचणी, घ्यावी. ती ९० सेकंदांची आहे. हात थरथरत असल्यास तोंडी घ्यावी, नाहीतर गुण हाताचे मोजले जातात. गुण घटले तर आधी बी-१२, थायरॉइड, झोप, नैराश्य आणि लघवीसाठीचे ऑक्सिब्युटिनिन तपासावे. या औषधाने स्मरण मंदावू शकते. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे जमवायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाने) वरच्या सवयी शिकवायला रुग्ण आणि घरच्यांना मिळून तासभर द्यावा. नवा त्रास २४ तासांहून जास्त टिकला तर वहीवर विसंबून न राहता डॉक्टर गाठावा, हेही तिथेच सांगावे.

उष्णतेने ही लक्षणे तात्पुरती वाढतात. विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा पाहता या तपासणीचे परिपत्रक फेब्रुवारीपूर्वी निघावे.

आपले,
एमएस रुग्णांसोबत काम करणारे थेरपिस्ट